मोजून दिलेली काडतुसं

उस्तादांनी प्रत्येकाच्या हातावर पाच काडतुसं मोजून ठेवली. एनसीसीच्या कॅम्पमधला फायरिंगचा दिवस. आम्ही चाळीसजण, म्हणजे काडतुसं दोनशे. सतरंजीवर पालथं पडायचं, वाळूच्या पोत्यावर रायफल टेकवायची, दस्ता खांद्यात घट्ट रुतवायचा आणि श्वास रोखून चाप ओढायचा. थ्री नॉट थ्रीचा धक्का एकदा खाल्ला की खांदा तो विसरत नाही; रायफल जरा सैल धरली तर दोन दिवस काळंनिळं. बोल्ट मागे खेचला की तापलेली पितळी पुंगळी टणकन उजवीकडे उडायची आणि जळलेल्या दारूचा वास नाकात बसायचा.

संध्याकाळी पुंगळ्या मोजल्या तेव्हा एकशे नव्व्याण्णव भरल्या. मग चहा नाही की जेवण नाही. चाळीस पोरं ओळीने गुडघ्यांवर बसून गवत चाचपत होती. पुंगळी कमी, म्हणजे एक गोळी झाडलीच गेली नाही, काडतूस कुणीतरी खिशात घातलं, असा तो हिशेब. अंधार पडता पडता ती सतरंजीच्या घडीत सापडली. मी ती उचलून पाहिली. बुडावर मधोमध बार पेटवणारी टोपी, तिच्यावर फायरिंग पिनने पाडलेला खळगा आणि भोवतीने ठोकलेली बारीक अक्षरं : के एफ. किर्की फॅक्टरी, म्हणजे आपली खडकी.

पुढे या विषयाचं वाचत गेलो तसं लक्षात आलं, की पुंगळ्यांची ही मोजणी एका हवालदाराच्या कडक स्वभावातून आलेली नव्हती. तिच्यामागे या देशाचा दीडशे वर्षांहून जुना अनुभव होता. शस्त्रांच्या इतिहासात आपण बंदुकांची नावं घेतो, एनफिल्ड, मार्टिनी, मॉझर. पण बंदूक म्हणजे एक नळी आणि एक चाप. हिंदुस्थानात राज्य करणाऱ्यांनी लगाम धरला तो काडतुसाचा, आणि तो का धरला हे समजायचं तर गोष्ट कागदापासून सुरू करावी लागते.

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला आणि त्याच्या मुळाशी कागदच आहे, कागदाची सुरळी. ठासणीच्या बंदुकीत दारू, गोळी, बोळा हे सगळं तोंडाकडून घालून गजाने ठासावं लागे. लढाईच्या धांदलीत दारू मोजत कोण बसणार? म्हणून एका बाराची दारू आणि गोळी कागदात गुंडाळून शिपायाला आधीच देऊन ठेवत. शिपाई ती पुडी दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायचा, मग गोळीचं टोक आत सरकवून ठासायचा.

१८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड आली तेव्हा एक अडचण नव्याने उभी राहिली. या बंदुकीच्या नळीला आतून पीळ होता. पिळामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि लांबवर नेमकी लागते. पण गोळी नळीत नीट बसायची तर फट कमी हवी, आणि फट कमी म्हणजे चार-सहा बारांनंतर साचलेल्या काजळीत गोळी अडकणार. उपाय म्हणून काडतुसाच्या गोळीकडच्या टोकाला चरबी आणि मेण लावत. चरबी कसली, हे कुणी स्पष्ट सांगेना. १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडमच्या तोफखान्यात एका खलाशाने शिपायाकडे लोटाभर पाणी मागितलं. शिपायाने जात काढून नकार दिला, तेव्हा खलाशी म्हणाला की गाई-डुकराची चरबी दातांनी तोडाल तेव्हा तुमची जात कुठे राहील. इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालातच ही हकिकत नोंदलेली आहे.

सरकारने माघार घेतली नाही असं नाही. शिपायांनी आपल्या हाताने तूप-तेल-मेण लावावं, पुढे दातांऐवजी हाताने कागद फाडावा, असे हुकूम निघाले. पण तोवर कागदाच्या चकाकीवरसुद्धा संशय बसला होता. २४ एप्रिलला मेरठला तिसऱ्या घोडदळाच्या ८५ स्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला. ती काडतुसं तर जुन्याच पद्धतीची होती, पण भरवसा उडाल्यावर जुनं काय आणि नवं काय. त्यांना बेड्या ठोकल्या आणि १० मेला उठाव झाला. पेणजवळच्या वरसईहून उत्तरेत दक्षिणा मिळवायला गेलेले विष्णुभट गोडसे याच सुमारास तिकडे पोचले. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्येही काडतुसांची ही हकिकत येते. उठावाची कारणं खोल होती आणि काडतूस ही ठिणगी, असं शाळेत शिकवतात. ते बरोबरच आहे. पण ज्याला रोज ती पुडी तोंडात धरायची होती त्याच्यासाठी सगळं राज्य त्या चवीत आलेलं होतं, हेही विसरू नये.

यातून इंग्रज जे शिकले ते पुढची नव्वद वर्षं दिसत राहिलं. उठावानंतर देशी पलटणींसाठी १८५८ च्या नमुन्याची एक बंदूक बनवली. बाहेरून थेट एनफिल्ड, पण आतला पीळ काढून टाकून नळी गुळगुळीत केलेली. परेडवर फरक कळू नये आणि नेम मात्र लांबवर लागू नये. गोऱ्यांच्या हाती मार्टिनी-हेन्री आली तेव्हा देशी शिपायाकडे स्नायडर. गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा देशी शिपायाला मार्टिनी. कायम एक पिढी मागे. आणि पिढी बदलली की काडतूस बदलायचं, म्हणजे उद्या दारूगोळ्याचं कोठार लुटलंच तरी गोऱ्या पलटणीचं काडतूस देशी बंदुकीत बसणार नाही.

खडकीचा कारखाना याच काळातला, १८६९ सालचा. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या याच परिसरात पेशव्यांच्या फौजेचा पराभव झाला होता. तिथे आता काडतुसं होऊ लागली, आणि आता ती कागदाची उरली नव्हती.

स्नायडरसाठी वूलिचच्या कर्नल बॉक्सर यांनी पातळ पितळी पत्र्याच्या गुंडाळीचं काडतूस काढलं होतं. मार्टिनी-हेन्रीचं काडतूसही सुरुवातीला तसंच होतं. त्यात ८५ ग्रेन काळी दारू आणि ४८० ग्रेनांची गोळी. आपल्या मापात सांगायचं तर १८३३ पासून सरकारी तोळा १८० ग्रेनांचा होता आणि चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा. म्हणजे मार्टिनीची एक गोळी पावणेतीन रुपयांच्या जवळपास. ती लागली की हाडाचा चुरा व्हायचा. पण सुदानच्या वाळवंटात बंदूक तापली की पत्र्याची गुंडाळी फाटून नळीत चिकटून बसायची, आणि शिपायाला लढाईच्या ऐन मध्यात चाकूने ती खरवडून काढावी लागायची. तेव्हा गुंडाळी गेली आणि अखंड ओढलेली पुंगळी आली.

या पुंगळीवर थोडं थांबायला हवं, कारण आपल्या नजरेला ती अगदी साधी दिसते. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त अशा पितळेची जाड चकती घेतात, दाबून तिची वाटी करतात आणि ती वाटी साच्यांतून पुन्हा पुन्हा ओढत लांब करतात. प्रत्येक ओढीला पितळ कडक होतं आणि अजून एक ओढ दिली तर तडकेल अशा बेताला येतं. म्हणून मधे मधे ते तापवून मऊ करावं लागतं. पुण्याच्या तांबट आळीत हंड्याला मठार मारणारा कारागीर हेच करतो. ठोकून ठोकून धातू हट्टी झाला की भट्टी दाखवायची. फरक इतकाच, की पुंगळीचं बूड कडक ठेवावं लागतं आणि तोंड मऊ. बार उडतो तेव्हा आत हवेच्या दाबाच्या सुमारे तीन हजार पट दाब तयार होतो. त्या क्षणी पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते, त्यामुळे वायू मागे, म्हणजे थेट माणसाच्या डोळ्याकडे, येऊ शकत नाही. आणि दाब उतरला की ती किंचित आकसते आणि सुटते. फुगणं आणि सुटणं, दोन्ही सेकंदाच्या काही हजाराव्या भागात. हे काम कागद करू शकत नव्हता, लोखंड सहज करत नाही, पितळ करतं. मला वाटतं, गेल्या दीडशे वर्षांतल्या रायफलीचा खरा शोध ही पुंगळीच आहे.

दुसरी क्रांती दारूची. फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने १८८४ साली बिनधुराची दारू तयार केली आणि १८८६ मध्ये ती घालून ८ मिलिमीटरची लेबेल रायफल आली. धूर नाही म्हणजे झाडणारा दिसत नाही, काजळी नाही म्हणजे नळी तुंबत नाही, आणि वेग इतका, की जाड गोळीची गरजच उरली नाही. ब्रिटिशांनी .३०३ हे माप स्वीकारलं ते १८८८ च्या सुमारास, पण त्यांची स्वतःची बिनधुराची दारू तयार नव्हती, म्हणून सुरुवातीचं थ्री नॉट थ्री दाबलेल्या काळ्या दारूवर चाललं. मग आबेल आणि ड्यूअर यांचं कॉर्डाइट आलं : ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन, ५ टक्के व्हॅसलिन. अॅसिटोनमध्ये भिजवून पीठ मळायचं आणि साच्यातून दाबून त्याच्या शेवया पाडायच्या. वाळल्यावर त्या तपकिरी शेवयांची जुडी बांधायची. पण ही जुडी बाटलीच्या आकाराच्या पुंगळीच्या अरुंद गळ्यातून आत जाणार कशी? म्हणून पुंगळी सरळ असतानाच जुडी आत सरकवत, वर पुठ्ठ्याची चकती ठेवत आणि मग गळा आवळत. नंतर गोळी बसवत. ज्याने कुणी हा क्रम पहिल्यांदा सुचवला त्याच्याबद्दल मला फार कौतुक आहे. हिंदुस्थानात कॉर्डाइट करण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निलगिरीत अरुवनकाडूला कारखाना उभारला. तोही आजवर तिथेच आहे.

या नव्या काडतुसाची २१५ ग्रेनांची, तांबं-निकेलचं कवच चढवलेली गोळी शरीरातून सुईसारखी आरपार जायची. १८९५ च्या, वायव्य सरहद्दीवरच्या चित्रालच्या मोहिमेत तक्रार आली, की गोळी लागूनही माणूस थांबत नाही. तेव्हा त्याच डमडमच्या तोफखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी कवचाचं टोक उघडं ठेवून आतलं शिसं किंचित बाहेर आणलं. अंगात शिरताच ती गोळी फुलासारखी उमलते आणि जखम अनेक पटींनी मोठी होते. १८९९ च्या हेगच्या परिषदेत अशा गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा झाला, ब्रिटनने तो मान्य केला १९०७ मध्ये. आज विमानतळामुळे माहीत असलेल्या त्या गावाचं नाव जगभरच्या भाषांत एका क्रूर गोळीचं नाव होऊन बसलं आहे. डमडमच्या लोकांचा यात काय दोष होता?

१९१० मध्ये टोकदार मार्क सात आली. १७४ ग्रेनांची गोळी, म्हणजे राणीछाप रुपयापेक्षा जेमतेम हलकी, आणि वेग सेकंदाला सुमारे ७४४ मीटर. कवच पूर्ण बंद, पण टोकात अॅल्युमिनियम आणि मागे शिसं. वजन मागे असल्यामुळे शरीरात शिरली की ती कोलांटी घ्यायची.

थ्री नॉट थ्रीची एक मोजणी आपल्या इतिहासात कायमची कोरलेली आहे. १३ एप्रिल १९१९, अमृतसर. जालियनवाला बागेत डायरच्या हुकमावरून पन्नास शिपायांनी सुमारे दहा मिनिटं गोळ्या झाडल्या. चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीपुढे किती गोळ्या झाडल्या त्याचा आकडा आला तो १,६५०. गोळ्यांचा आकडा लगेच हाती होता, कारण काडतुसं मोजून दिली जातात आणि मोजून परत घेतली जातात. माणसं किती मेली हे मात्र महिनोन्‌महिने शोधावं लागलं. सरकारी आकडा ३७९ वर थांबला, लोकांनी तो कधीच मानला नाही. बागेच्या भिंतीतली भोकं पाहताना मला नेहमी त्या दोन आकड्यांच्या नोंदणीतला फरक आठवतो आणि मन उद्विग्न होतं.

शिकाऱ्यांची काडतुसं ही वेगळी दुनिया वाटते, पण तिच्यावरही हीच सावली होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईना, युरोपियनांना सूट. लंडनच्या रिग्बीने १८९८ मध्ये .४५० नायट्रो एक्स्प्रेस काढलं, तेच मार्टिनीइतकं ४८० ग्रेनांचं वजन, पण काळ्या दारूऐवजी ७० ग्रेन कॉर्डाइट. वाघ, गवा, हत्ती, सगळ्यांना पुरून उरणारं काडतूस. हिंदुस्थानात आणि आफ्रिकेत त्याचा बोलबाला झाला. आणि १९०७ मध्ये सरकारने हिंदुस्थान आणि सुदानसाठी .४५० मापाच्या काडतुसांवर बंदी घातली. कारण जंगलात नव्हतं, सरहद्दीवर होतं. मार्टिनी-हेन्रीचं मापही .४५० चं, आणि चोरीच्या, जुन्या मार्टिनी टोळ्यांच्या हाती मोठ्या संख्येने गेल्या होत्या. शिकाऱ्याच्या मालाआडून त्यांना गोळ्या मिळतील ही भीती. लंडनच्या बंदूकवाल्यांनी मग पटापट मापं सरकवली : .४६५, .४७०, .४७५, .४७६. वाघाला यातला फरक कळण्याचं कारण नव्हतं. आजही आफ्रिकेत मोठ्या शिकारीसाठी .४७० चं नाव निघतं, त्या मापाच्या प्रसाराला कलकत्त्यातली एक भीती कारण झाली.

त्याच १९०७ साली जिम कॉर्बेट यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली आणि संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्यांना रिग्बीची .२७५ रायफल भेट दिली. (‘माझा प्रवास’ही छापून आलं ते १९०७ मध्येच. हा निव्वळ योगायोग, पण तारखा एका कागदावर लिहिल्या की तो डोळ्यांत भरतो.) .२७५ म्हणजे दुसरं काही नाही, जर्मन मॉझरचं ७ मिलिमीटरचं काडतूस, जे बोअर युद्धात ब्रिटिशांवरच झाडलं गेलं होतं. इंची माप लावून ते इंग्रज ग्राहकासाठी घरचं केलं. हलकी रायफल, कमी धक्का, सपाट जाणारी गोळी. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या कॉर्बेट यांनी मारला तो याच रायफलीने.

बंदूक हाती असूनही काडतूस नसलं तर काय होतं, हे १८ एप्रिल १९३० च्या रात्री चितगावला दिसलं. क्रांतिकारक सूर्य सेन आणि त्यांच्या तरुण साथीदारांनी दोन शस्त्रागारं काबीज केली. ऑक्झिलरी फोर्सच्या शस्त्रागारात त्यांना थ्री नॉट थ्री रायफली मिळाल्या, ल्युइस गन मिळाल्या. सगळं हाताशी होतं. फक्त काडतुसं नव्हती. ती वेगळीकडे ठेवलेली होती आणि रात्रभरात सापडली नाहीत. चार दिवसांनी जलालाबादच्या टेकडीवर फौजेशी गाठ पडली तेव्हा त्या पोरांच्या हातात पोलिसांच्या जुन्या मस्कटी होत्या. त्या लढाईत बाराजण गेले, काही तर शाळकरी वयाचे. ल्युइस गनना खायला मिळालं असतं तर शेवट वेगळा झाला असता असं मी म्हणणार नाही, पण ती लढाई तशी झाली नसती, एवढं खात्रीने वाटतं.

काडतुसाने बंदूक बांधून ठेवायची युक्ती पोलिसांच्या हत्यारातही होती. ईशापूरच्या रायफल कारखान्यात जुन्या रायफलींच्या नळ्या मोठ्या करून .४१० च्या मस्कटी बनवल्या. त्यांचं काडतूस म्हणजे थ्री नॉट थ्रीचीच पुंगळी, गळा न आवळता सरळ ठेवलेली. मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा, म्हणजे एका वेळी एकच बार.

स्वातंत्र्यानंतर राज्य आपलं झालं, पण हा विचार कायद्यात तसाच राहिला. फौजेचं माप ते प्रतिबंधित, सामान्य परवानाधारकाला नाही. थ्री नॉट थ्री त्यामुळेच नागरिकाला मिळत नाही. मग त्याने काय घ्यायचं? ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी १८९० च्या आसपास बनलेलं मानलिखरचं ८ मिलिमीटरचं काडतूस घ्यायचं. ८ मिलिमीटर म्हणजे इंचात .३१५. ब्रिटिश फौजेत हे माप नव्हतं, म्हणून ते हिंदुस्थानात शिकारीसाठी चालून गेलं. खुद्द ऑस्ट्रियाच्या सैन्याने ते १९३० नंतर सोडलं. आपल्या सरकारी कारखान्यांनी मात्र थ्री फिफ्टीनची रायफल आणि काडतुसं बनवणं चालू ठेवलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली, तरी उत्तरेत हे माप अजून घराघरात ओळखीचं आहे. थ्री नॉट थ्रीची गोष्ट तिकडेच संपत आली. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनी संचलनात तिला निरोप दिला.

महाराष्ट्रात मात्र मला या विषयाचं सर्वांत जिवंत रूप दिसलं ते कोकणात. सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणासाठी परवान्यावर दिलेल्या ठासणीच्या बंदुका अजून आहेत. एका मांगरात एक आजोबा माझ्यासमोर बंदूक भरत होते. मडक्यातून काढलेली दारू त्यांनी तळहातावर अंदाजाने घेतली, नळीत ओतली, काथ्याचा बोळा गजाने ठासला, वर छर्रे, पुन्हा बोळा. टोपी मात्र बसवली नाही. ती शर्टाच्या खिशात, प्लास्टिकच्या डबीत. काडतूस नाहीच, सगळं हाताने; १८५७ च्या शिपायाकडे निदान कागदाची पुडी तरी होती. भातात डुकरं उतरत होती आणि रात्री पहारा होता.

“माप चुकत नाही का?” मी विचारलं.

“हाताक कळता,” ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात निवडणूक लागली आणि तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेलो तर व्हरांड्याच्या कोपऱ्यात अशा जमा केलेल्या तीसेक बंदुका भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. प्रत्येकीच्या चापाला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर गावाचं नाव आणि परवान्याचा नंबर. टेबलामागचे हवालदार वहीत बघून एकेक मोजत होते.